तीन, चार, पाच आणि दोन बोटं

३ मार्च

प्रिय ओळंब्या,

माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच फेकलं असतंस, म्हणून पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर वाच. कागदावरचं काहीही तू वाचल्याशिवाय टाकत नाहीस. सिमेंटच्या पोत्यावरची बारीक अक्षरंसुद्धा उभ्या उभ्या वाचायचास आणि मी तिकडे माल वाळतोय म्हणून बोंब मारायचो. फोन केला असता तर आवाज ऐकून ठेवून दिला असतास, आणि तुझं चुकलंही नसतं.

वहिनींना नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. माझे गुडघे कामातून गेलेत. खाली बसलो की उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, म्हणून मोठी कामं घेत नाही, कुठे चार फरश्या बदल, कुठे सांधे भर, एवढंच. ही म्हणते, लोकांनी तुम्हाला भिंगरी म्हणून म्हणून डोक्यावर चढवलं, आता जरा एका जागी बसा. पण बसेन तर तो मी कसला.

नऊ वर्षांनी लिहितोय ते एका गोष्टीसाठी, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितली तर हिनं भाजी निवडता निवडता हूं हूं केलं आणि शेवटी विचारलं, "पण याचं करायचं काय?" तू असं विचारणार नाहीस. व्हरांड्याचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. बावीस वर्षं जोडीनं फरश्या बसवल्या, तू भिंतीच्या ओळंब्यासारखा सरळ न् मी भिंगरी, एका इस्पितळाच्या व्हरांड्यावरून बोलणं तुटलं, झालं ते झालं. या पत्रात नुसतं शास्त्र.

तर गेल्या महिन्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत फुटक्या फरश्या बदलायला गेलो होतो. गुडघ्याखाली पोतं घेऊन टेकलो, वर बघतो तर फळ्यावर आपला तीन-चार-पाच. हुबेहूब. एका बाजूवर तीन, दुसरीवर चार, तिरप्या बाजूवर पाच. आपण दोघांनी हजार वेळा जमिनीवर मारलेला त्रिकोण: कोपऱ्यातून इकडे मीटरभर मापाच्या काठीनं तीन काठ्या मोजायच्या, तिकडे चार, आणि दोन्ही टोकांमधलं अंतर पाच काठ्या भरलं की कोपरा काटकोनात. मला वाटलं, वा, शाळेत आता गवंडीकाम शिकवायला लागले.

शास्त्राच्या बाई वह्या तपासत बसल्या होत्या. वयानं आपल्या सुनेएवढ्या असतील. मी विचारलं, "बाई, कुठली खोली काटकोनात घ्यायचीय?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली नाही काका. तो काळ आहे."

आता मला सांग, असं ऐकल्यावर माणसाचं कामात लक्ष राहील का? मी थापी खाली ठेवली. म्हटलं, नीट सांगा, मी सातवी पास आहे पण त्रिकोण माझ्या हाताखालून गेलेला आहे.

त्यांनी सांगितलं ते तुला सांगतो. एक पेटी घे. तळाला आरसा, वर आरसा, आणि मधे उजेडाचा एक ठिपका खाली-वर उड्या मारतोय. हेच घड्याळ. खालून वर पोचायला त्याला चार क्षण लागतात असं धर. आता ही पेटी एका गाडीत ठेव आणि गाडी सोड. गाडीत बसलेल्याला ठिपका सरळ वर जाताना दिसतो. पण रस्त्यावर उभा असलेला काय बघतो? ठिपका वर जाईपर्यंत गाडी पुढे सरकली, म्हणजे त्याच्या मते ठिपका तिरपा गेला. सरळ उंची चार, गाडी सरकली तीन, तिरपी वाट पाच.

मी लगेच म्हटलं, "त्यात काय बाई. बसमध्ये मी चेंडू वर उडवला तर बाहेरच्याला तोही तिरपाच दिसणार. पण चेंडूला बसचा वेग मिळालेला असतो, तो तिरपी लांब वाट जास्त वेगानं कापतो. वेळ तेवढाच."

बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "चेंडू असता तर भांडणच नव्हतं. पण उजेड गाडीचा वेग घेत नाही. गाडीत बसून मोजा नाहीतर रस्त्यावरून मोजा, त्याचा वेग तेवढाच भरतो. मग पाचाची वाट कापायला त्याला पाचच क्षण लागणार."

म्हणजे गाडीत चार क्षण झाले तेव्हा रस्त्यावर पाच झाले. गाडी उजेडाच्या वेगाच्या पाचात तीन इतक्या वेगानं धावत असेल तर एवढा फरक. मी विचारलं, उजेडाचा वेग सगळ्यांना सारखाच का भरतो? त्या म्हणाल्या, "लोकांनी फिरून फिरून मोजलाय, तसाच भरतो. तो तसा का, हे मलाही ठाऊक नाही." बाई मला तिथेच आवडल्या. आपल्या धंद्यात 'ठाऊक नाही' म्हणणारा माणूस मी एकच पाहिला, तो तू.

तरी मला वाटत होतं की धावत्या गाडीत घड्याळाला हादरे बसत असतील, म्हणून ते मागे पडत असेल. तर नाही. नुसतं घड्याळ नाही, गाडीतलं सगळंच. दाढी विचारली, दाढीसुद्धा म्हणाल्या. मग मी आपल्या धंद्यातलं विचारलं, "आणि माल? सिमेंटचा कालवलेला माल?" तोही. गाडीतल्याच्या घड्याळानं चार तासांत धरणारा माल रस्त्यावरच्याच्या घड्याळानं पाच तासांनी धरेल. म्हणजे तासभर जास्त मिळाला की रे, असं वाटून मी खूश झालो, तर बाई म्हणाल्या, "गाडीतल्याला काही जास्त मिळत नाही काका. त्याला सगळं नेहमीसारखंच. त्याच्याजवळ जी काही मापं आहेत ती सगळी एकमेकांशी जुळतात. आपलं काही वेगळं चाललंय हे त्याला आतल्या आत कळायचा मार्ग नाही."

हे वाक्य मला तेव्हापासून छळतंय. पण त्याहून छळतंय ते वेगळंच, आणि त्यासाठीच पत्र. गाडी सरळ, एका वेगानं चाललेली असेल तर आतला म्हणेल, मी उभा आहे, रस्ताच मागे पळतोय. मग त्याच्या हिशेबानं रस्त्यावरच्याचं घड्याळ मागे पडायला हवं. दोघांचंही एकमेकांच्या मागे? हे म्हणजे दोन माणसं, आणि प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा उंच. बाईंना विचारणार होतो तर घंटा झाली.

तुझं डोकं शांत चालतं. विचार कर आणि जमलं तर दोन ओळी टाक. तुला त्या बागेच्या फाटकावर तिकिटं फाडताना वेळ मिळत असेल.

भिंगरी


२१ मार्च

प्रिय ओळंब्या,

तुझं कार्ड मिळालं. ना तारीख, ना नमस्कार, ना सही. एकच ओळ: "दोघांचंही मागे पडेल, पण शेजारी आणून बघितल्याशिवाय कुणी बोलू नये." मी ती ओळ इतक्यांदा वाचली की ही म्हणाली, प्रेमपत्र आलंय का. म्हटलं, त्याहून दुर्मीळ आहे, ओळंब्यानं उत्तर दिलंय.

कार्ड खिशात घालून शाळेत गेलो. काम संपलेलं होतं, तरी एक फरशी पोकळ वाजतेय अशी सबब काढली. बाईंनी कार्ड वाचलं आणि विचारलं, "हे कोण? कुठे शिकवतात?" मी म्हटलं, बागेच्या फाटकावर बसतात, पूर्वी माझे जोडीदार होते. त्या म्हणाल्या, "यांनी अगदी गाठीवर बोट ठेवलंय."

त्यांनी जे समजावलं ते तुझ्याच ओळीचं लांबण आहे. दोघं एकमेकांजवळून गेले तेव्हा घड्याळं शेजारी होती, तेव्हा ती जुळवून घेतली. नंतर दोघं लांब लांब जातायत. आता मधे एवढं अंतर पडलंय की 'या घटकेला तिकडे किती वाजले' हे दोघं आपापल्या रीतीनं ठरवतात, आणि दोन्ही रीती बरोबर, आणि दोन्हींत दुसराच मागे पडलेला. भांडण मिटवायचं तर घड्याळं पुन्हा शेजारी आणायला हवीत. त्यासाठी दोघांपैकी कुणाला तरी थांबून वळावं लागतं. आणि जो वळून परत येतो त्याचं घड्याळ मागे पडलेलं निघतं, कारण त्याचीच चाल मधे बदलली, दुसऱ्याची नाही. मग तिथे दोघांचं खरं राहत नाही.

मला हे अर्धवटच कळलंय. पण अर्धवट कळूनही अंगावर काटा येतो हे एक नवल. साठी उलटल्यावर मी रस्त्यात उभा राहून जाणाऱ्या गाड्यांकडे बघतो आणि मनात आडवे-उभे त्रिकोण मारतो. परवा एका रिक्षावाल्यानं शिवी दिली.

अजून एक गंमत. बाईंकडून हिशेब करून घेतला. पस्तीस वर्षं मी मोटरसायकलवर या कामावरून त्या कामावर धावलो, दिवसाचे दोन तास धर, ताशी चाळीस धर. तर या धावण्यानं माझं घड्याळ घरी बसलेल्या माणसापेक्षा किती मागे पडलं? एका सेकंदाचे दोन कोटी तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. जन्मभराच्या घाईची कमाई एवढीच. हिला सांगितलं तर म्हणाली, "त्यापेक्षा जेवायला वेळेवर आला असतात तर."

आता व्हरांड्याचं. काढणार नव्हतो, पण शास्त्रच तिकडे घेऊन जातंय त्याला मी काय करू.

चाळीस मीटर लांब व्हरांडा. मधे रंगाऱ्यांची परांची उभी, त्यामुळे एकच दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणता येईना. तू पूर्वेकडून निघालास, मी पश्चिमेकडून. दोघांनी खिडक्यांच्या भिंतीपासून आपापल्या काठीनं दोन काठ्या अंतर सोडून दोरी लावली, आपापला तीन-चार-पाच मारला, आणि सहा दिवस फरश्या बसवत एकमेकांकडे सरकलो. परांची निघाली आणि मधे भेटलो तर सांधे जुळेनात. दोन बोटांचा फरक. तू म्हणालास, "माझी दोरी बरोबर आहे." मी म्हणालो, माझी बरोबर आहे. तू एकदाच म्हणालास. मी दहा वेळा म्हणालो, आणि ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत माझ्या बाजूला काटकोन मारून दाखवला. तीन, चार, पाच, केसाचा फरक नाही. नाचता येईना अंगण वाकडं, पण माझं अंगण काटकोनात निघालं. मग तुझी बाजू उखडली. त्या वेळी मी अजून एक वाक्य बोललो, ते जाऊ दे.

मला आता वाटतं की आपलं त्या पेटीसारखंच झालं. तू तुझ्या टोकाकडून नीट मोजलंस, मी माझ्या टोकाकडून नीट मोजलं, दोघांची मापं आपापल्यात जुळत होती. मधे परांची, एकमेकांचं दिसत नव्हतं. म्हणजे दोघंही बरोबर. आपल्यातलं कुणी चुकलं नव्हतं, आणि नऊ वर्षं आपण उगीच तोंडं फिरवून बसलो. हे मला पूर्वी कुणी सांगितलं असतं तर तुझ्या दारात येऊन पेढे वाटले असते. बघ, पटतं का. पटलं तर पुढच्या रविवारी मी येतो, नाहीतर तू ये. गुडघ्यांमुळे मला जिना चढवत नाही, पण तुझ्याकडचा चढेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा भिंगरी


९ एप्रिल

ओळंब्या,

तुझं दुसरं कार्ड येऊन बारा दिवस झाले. "आपल्या दोन काठ्या शेजारी ठेवून बघितल्या होत्या का?"

नव्हत्या. तुला ठाऊक आहे नव्हत्या. तू त्या दिवशी व्हरांड्यात तुझी काठी घेऊन माझ्याकडे यायला निघाला होतास आणि मी म्हणालो, काठ्या काय बघतोस, काटकोन बघ. बारा दिवस मी या ओळीतून पळवाट काढत होतो. तेही आता सांगून टाकतो, कारण ते ऐकून तुला हसू येईल, आणि पुढचं ऐकून येणार नाही.

बाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की धावणाऱ्याचा नुसता काळच बदलत नाही, धावण्याच्या दिशेला लांबीही आखूड भरते. मी ते धरून बसलो. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गाठलं आणि विचारलं, "बाई, एक मीटरची काठी एक बोट आखूड भरायची तर तिनं किती वेगानं धावायला हवं?" त्यांनी तिथेच वहीच्या पाठीवर मांडलं. उजेडाच्या वेगाचा पाचवा हिस्सा. सेकंदाला साठ हजार किलोमीटर. मग त्यांनी विचारलं, "काका, ही कुठली काठी?"

मी फाटकाची कडी उगीच काढली-घातली. बाईंच्या लक्षात आलं असावं. त्या सावकाश म्हणाल्या, "दोघांचं बरोबर असं म्हणायची एक अट आहे. निघताना दोघांच्या काठ्या शेजारी ठेवल्यावर सारख्या भरायला हव्यात. एकाची काठी मुळातच तोकडी असेल तर तो काळाचा दोष नाही. ती त्या माणसाची चूक."

माझी काठी धावत नव्हती, ओळंब्या. ती मी कापली होती.

व्हरांड्याचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काठी मोटरसायकलवरून पडली आणि टोकाला चिरली. मी चिरलेलं टोक करवतीनं उडवलं, एक बोटभर. नवी करू उद्या, म्हटलं. उद्या माल कालवला गेला आणि मी विसरलो. खरंच विसरलो, एवढं मात्र माझ्यावर विश्वास ठेवून घे. त्याच काठीनं भिंतीपासून दोन काठ्या मोजल्या, म्हणजे दोन बोटं कमी. आणि काटकोन बरोबर आला, कारण तीन-चार-पाचला काठी केवढी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तोकड्या काठीच्या तीन, तोकड्या काठीच्या चार, तोकड्या काठीच्या पाच, कोपरा चोख. माझ्याजवळची सगळी मापं एकमेकांशी जुळत होती. म्हणून मी एवढ्या तोऱ्यात होतो.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. पुढचं चूक नाही.

त्या वर्षी तुला नवा चष्मा लागला होता. ठेकेदार एकदा तुझ्या दोरीकडे आणि एकदा माझ्या दोरीकडे बघत होता, त्याला ठरवता येईना. तेव्हा मी म्हणालो, "याला चष्मा लागलाय, साहेब. आता याच्या नजरेवर किती दिवस विसंबायचं?" हसत म्हणालो. सगळे हसले. तू चष्मा काढून पुसलास आणि परत लावलास. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी तेच पुन्हा सांगितलं, अजून रंगवून. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आठ दिवसांनी एका स्वयंपाकघरात फरश्या बसवत होतो. भिंतीशी एक ओळ पुरेना. टेप काढला, काठीला लावला, एक बोट कमी. मी त्या ओल्या मालावर तसाच बसलो. माल सुकला तरी उठलो नाही. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि त्याच क्षणात मी ठरवलंही की कुणाला सांगायचं नाही. ठेकेदारानं तोवर मला मुकादम केलं होतं. मी करवत घेतली आणि काठीचे तुकडे करून पाचरी पाडल्या. फरश्या बसवताना त्या पाचरी वापरल्यासुद्धा. म्हणून आज तुला दाखवायला माझ्याकडे काही नाही, नुसतं सांगणं आहे.

तोपर्यंत तू धंदा सोडला नव्हतास. तू दोन महिन्यांनी सोडलास. दोन महिने माझ्या हातात होते. मी स्वतःला सांगत राहिलो की हा आता बोलावत नाही, भेटत नाही, कसं सांगणार. माणूस सांगायचं नाही म्हणून वाट लांब करतो आणि वर म्हणतो, वाट लांब होती.

परवा मी इस्पितळात जाऊन व्हरांडा पाहिला. पाहुणा म्हणून गेलो, कुणाला तरी भेटायला आल्यासारखा. फरशी सगळी माझ्या दोरीत आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खिडक्यांच्या बाजूच्या शेवटच्या ओळीत कापलेली बारीक पट्टी बसवावी लागलीय, समोरच्या बाजूला रुंद. दोन्ही बाजूंना सारखी यायला हवी होती. तुझ्या दोरीत ती आली असती. लोक वरून चालतात, कुणाला दिसत नाही. मला तर त्या पट्टीशिवाय दुसरं काही दिसेना. आपण तुझी बरोबर बाजू उखडून माझ्या चुकीला जुळवून घेतली.

तिथून मी टपरीवर गेलो. जुन्यांपैकी सहा-सातजण असतात अजून. सगळ्यांसमोर सांगितलं: व्हरांड्यात काठी माझी तोकडी होती, ओळंब्याची दोरी बरोबर होती, चष्म्याचं मी जे बोललो ते माझं पाप आहे. एकानं माझ्या चहाचा कप उचलून आतल्या माणसाला परत दिला, पिऊन व्हायच्या आधीच. ठेकेदार थकलाय, घरीच असतो. त्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, जुनी गोष्ट आहे, सोडा. मी म्हटलं, तुमच्यासाठी जुनी आहे.

हे तुला पत्रातच सांगणार होतो, पण सांगायचा धीर कुठून आला तेही सांगतो. आमची ही गेल्या आठवड्यात वहिनींना दवाखान्याच्या रांगेत भेटली. बायका आपल्यासारख्या नसतात, त्या नऊ वर्षांनीही बोलायला लागतात. वहिनी म्हणाल्या, घरात खिळा ठोकायचा असला तरी तू त्यांना सांगतोस. कॅलेंडरसुद्धा तू टांगत नाहीस. म्हणतोस, "तू बघ सरळ आहे का, मला आता दिसत नाही." ज्या माणसाला चाळीस पावलांवरून भिंत अर्धा बोट झुकलेली कळायची, तो बायकोला विचारतो कॅलेंडर सरळ आहे का.

हिनं घरी येऊन हे सांगितलं आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. मला इतके दिवस वाटत होतं की मी तुझं काम घालवलं. काम गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं. मी तुझ्याकडून तुझे डोळे काढून घेतले आणि ते चांगले होते.

पटलं तर रविवारी येतो असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. तो रविवार कधीच गेला. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय तुझा जिना चढायचा मला अधिकार नाही. बाई म्हणतात ते खरं असेल तर वळून येणाऱ्याचं वय कमी भरतं, पण माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही, गुडघ्यांना विचार. क्षमा माग असं मला कुणी सांगितलेलं नाही, मी मागतो. द्यावीस असं माझं म्हणणं नाही. तुझ्या मनात असेल ते कार्डावर लिही, शिवी असली तरी पूर्ण लिही, एका ओळीत आटपू नकोस. आणि काही लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस.

फक्त एक कर. हे पत्र वहिनींना मोठ्यानं वाचून दाखव, म्हणजे त्या घरात दोघांनाही एकदमच कळेल: तुला दिसत होतं. त्या दिवशी दिसत होतं, त्यानंतर रोज दिसत होतं, आजही दिसतंय.

ज्यानं तुझ्या दोरीवरून चालायला हवं होतं तो,
तुझा एकेकाळचा जोडीदार